सकाळी अकराचं पाणी : एका डोहाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गावाचं आणि नदीचं नाव इथे देत नाही. कृष्णेच्या खोऱ्यातलं तालुक्याचं गाव, एवढं पुरे. अशा गावाच्या नदीवर जे असतं ते इथेही आहे: दगडी घाट, वर महादेवाचं देऊळ, आणि खाली दीडेक किलोमीटरवर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा सरला की बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या) घालतात, पाणी तुंबतं आणि घाटापुढे डोह तयार होतो. जूनच्या तोंडाशी बरगे काढले की नदी पुन्हा वाहू लागते. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने आपण जिला नदी म्हणतो ते एक लांबट तळं असतं. हे आम्हाला माहीत होतं. पाणी तपासताना मात्र त्याचा विसर पडला.

घाटावर पोहण्याची परंपरा जुनी. वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याचा ओंडका पाठीला बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून आहे. नंतर रॉकेलचे डबे आले, आता प्लॅस्टिकचे कॅन. सुट्टीत पोहण्याचं शिबिर भरायचं, पहाटे सहा ते आठ. पोरांना अंगावर खाज, कानाचे त्रास सुरू झाले, पालक कुरकुरले आणि शिबिर बंद पडलं. काही वर्षं गेली. मग पोहणाऱ्यांच्या मंडळातल्या ज्येष्ठांनी, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, पुन्हा उचल खाल्ली. नगरपरिषद तयार होती, पण मुख्याधिकाऱ्यांना हातात कागद हवा होता. तो कागद द्यायची जबाबदारी आमच्या महाविद्यालयावर आली. मी रसायनशास्त्र शिकवतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या एक बाई आणि एम. एस्सी.चे चार विद्यार्थी असा आमचा गट झाला.

गावाचे दोन नाले डोहात येतात. एक बारका, घाटाच्या वरच्या अंगाला. दुसरा मोठा, बाजारपेठ आणि नव्या वसाहतींचं सांडपाणी घेऊन घाट आणि बंधाऱ्याच्या मधे उतरणारा. सांडपाणी प्रक्रिया केंद्र मंजूर होतं, टाक्या बांधूनही झाल्या होत्या, पण नाल्याचं पाणी तिथवर नेणारं पंपघर अर्धवट होतं.

आम्हाला विचारलेला प्रश्न

पत्रात एकच ओळ होती: ‘नदीचे पाणी पोहण्यास योग्य आहे किंवा कसे, याबाबत अभिप्राय द्यावा.’

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग पाडलेले आहेत. ‘बी’ वर्ग म्हणजे उघड्यावर आंघोळ-पोहणं: विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी (सडणारा माल कुजवताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात त्याचं माप) 3 च्या आत, सामू (पीएच) 6.5 ते 8.5, एकूण कोलिफॉर्म (सांडपाण्याची खूण मानले जाणारे जीवाणू) 100 मिलिलिटरला 500 पर्यंत. ‘डी’ वर्ग वन्यजीव आणि मासेमारीसाठी: प्राणवायू किमान 4, सामू तोच, मुक्त अमोनिया 1.2 मिलिग्रॅमच्या आत. 2000 साली आंघोळीच्या पाण्यासाठी वेगळे निकष अधिसूचित झाले. त्यात विष्ठेतून येणाऱ्या कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा 500 आणि कमाल 2500 अशी आहे.

निकष वाचताना एक गोष्ट डोळ्यांपुढून निसटते. ‘बी’ वर्गातला प्राणवायू पोहणाऱ्याच्या नाकासाठी नाही. माणूस वरची हवा घेतो. नदीत सडणारा माल किती आहे याची ती अप्रत्यक्ष खूण आहे. माशासाठी मात्र तोच आकडा म्हणजे श्वास. तसंच उलट: कोलिफॉर्मचं माशाला सोयरसुतक नाही, पाणी गिळणाऱ्या पोराला आहे. पाणी एकच, पण त्याला विचारायचे प्रश्न दोन. आम्हाला लेखी फक्त पहिला विचारला होता आणि आम्ही आज्ञाधारक मुलांसारखं तेवढ्याचंच उत्तर शोधायला निघालो.

फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला घाटाच्या शेवटच्या पायरीवरून नमुने घेतले. वेळ सकाळी अकराची. त्यामागे शास्त्र काही नव्हतं. पहिला तास साडेदहाला संपायचा, प्रयोगशाळेचे शिपाई तेव्हा मोकळे असायचे, आणि बर्फात ठेवलेल्या बाटल्या सहा तासांच्या आत तपासायला घेणं त्या वेळेत जमायचं.

निकाल सुरेख आले. प्राणवायू 5 च्या बराच वर, काही वेळा 9 च्या पुढे. बीओडी 3 च्या आसपास घुटमळणारा. विष्ठाजन्य कोलिफॉर्म बहुतेक वेळा 500 च्या आत, एकदाच थोडे वर. सामू 8.4. मर्यादा 8.5 ची, म्हणून 8.4 लिहिलं आणि पुढे गेलो.

अभिप्राय गेला: पोहण्यास हरकत नाही. अण्णांनी पेढे आणले.

अडचण

पेढ्यांच्या दोन दिवस आधीच तात्या मला घाटावर भेटले होते. भोई समाजातले, सत्तरीचे, डोहात जाळं टाकणाऱ्या शेवटच्या चार-पाच जणांतले. बाटल्या भरताना ते बराच वेळ बघत उभे होते.

‘सर, तुम्ही अकराला येताय. पाणी बघायचं आसंल तर कोंबडं आरवायच्या आधी या. मासं तोंड वर काढून उभं असतंय.’

मी ‘येतो’ म्हणालो. परीक्षा चालू होत्या, पर्यवेक्षण होतं. जवळपास दोन आठवडे गेलो नाही. या प्रकरणातली पहिली चूक सामू लिहिताना झाली. ही दुसरी, आणि माझ्या मते मोठी.

एप्रिलच्या शेवटी पहाटे पाचला दोन विद्यार्थ्यांना घेऊन गेलो. अंधुक उजेडात डोहाचा पृष्ठभाग थरथरत होता. वारा नव्हता. शेकडो मासे तोंडं पाण्याच्या कडेला लावून हवा-पाणी एकत्र ओढत होते.

प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत जुनी आहे, पण तिच्यासारखी प्रामाणिक साक्षीदार नाही. 300 मिलिलिटरची बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. जितका जास्त प्राणवायू तितका रंग गडद. प्राणवायू नसेल तर साका पांढराच राहतो. आमच्या विद्यार्थिनीने बाटली हलवली, खाली ठेवली आणि काही बोलली नाही. पृष्ठभागाजवळचा साका फिकट बदामी होता. दोरीला वजन बांधून दीड पुरुष खोलीवरून काढलेल्या पाण्याचा साका पांढराशुभ्र.

त्याच दिवशी दुपारी तीनला पुन्हा गेलो. तीच पायरी, तेच पाणी, साका कॉफीसारखा गडद आणि सामू 9 ला टेकलेला.

मग कोडं सुटलं, आणि ते आमच्या जुन्या आकड्यांतच लिहिलेलं होतं. समुद्रसपाटीला 30 अंश सेल्सिअसच्या पाण्यात हवेतून मिसळून राहू शकणारा प्राणवायू साधारण 7.5 मिलिग्रॅम, आमच्या गावाच्या उंचीवर थोडा कमीच. तरी अकरा वाजता 9 कसा? तो हवेतून आलेलाच नव्हता. नाल्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेलं शेवाळ उन्हात प्रकाशसंश्लेषण करून पाण्यात प्राणवायू कोंबत होतं आणि कर्बवायू शोषून सामू चढवत होतं. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, तळाचा गाळ प्राणवायू खातो, आणि पहाटेपर्यंत खजिना रिकामा. ‘उत्तम’ म्हणून आम्ही ज्याची नोंद केली तो आजाराचा ताप होता.

सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोसिस्टिसचे पुंजके दिसले. ही नीलहरित सूक्ष्मजीवांची जात. हिच्या काही वाणांतून यकृताला घातक विष तयार होतं आणि दाट झाल्यावर त्वचेची आगही होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2003 साली पोहण्याच्या पाण्यासाठी मिलिलिटरला 20,000 आणि 1,00,000 पेशी असे सावधानतेचे टप्पे सुचवले होते. आपल्या 2000 च्या निकषांत नीलहरित सूक्ष्मजीवांचा रकानाच नाही. जुन्या शिबिरातली खाज यामुळे होती, की गोगलगायींतून बाहेर पडणाऱ्या कृमींच्या अळ्यांमुळे, ते आता सांगता येणार नाही. त्या वेळी कुणी पाणी ठेवलं नव्हतं.

शिबिर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं. साठेक मुलांची नावं आलेली. आणि आमचा सही-शिक्क्याचा अभिप्राय नगरपरिषदेच्या फायलीत.

समोर असलेले पर्याय

मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात बैठक झाली. अण्णा, तात्या, आरोग्य निरीक्षक, पाटबंधाऱ्याचे शाखा अभियंता, बंधाऱ्यावरून पाणी उचलणाऱ्या शेतकऱ्यांपैकी दोघे, आणि आम्ही.

अण्णांचं म्हणणं सरळ होतं. ‘जंतू कमी आहेत असं तुम्हीच लिहून दिलंय. प्राणवायू माशाला लागतो, पोरांना नाही. मग अडलंय कुठं?’ तर्काने हे बरोबर होतं, आणि बैठकीत त्याला लगेच उत्तर द्यायला मला जमलं नाही. बाईंनी दिलं. कोलिफॉर्मचे नमुने अकराचे, म्हणजे चार-पाच तास ऊन खाल्लेल्या पाण्याचे. कडक उन्हात आणि थांबलेल्या पाण्यात हे जीवाणू झपाट्याने मरतात. पण शिबिर सहाला. गावातल्या मोऱ्या-संडासांचं पाणी नाल्यातून सगळ्यात जोरात वाहतं तेही सकाळीच, आणि रात्रभर ऊन नसतं. शिवाय आम्ही पायरीवरून निथळ पाणी घेतलं. साठ पोरं उतरल्यावर तळाचा गाळ उठणार, आणि गाळात जीवाणू जास्त दिवस टिकतात. म्हणजे अकराचं पाणी ना माशाचं होतं, ना पोहणाऱ्याचं. ते आमच्या वेळापत्रकाचं पाणी होतं.

एक गोष्ट बाईंनी भिडेखातर त्या दिवशी बोलून दाखवली नाही, नंतर मला म्हणाल्या. कोलिफॉर्मची एमपीएन (सर्वाधिक संभाव्य) संख्या मोजलेली नसते. किती नळ्यांत वायू धरला त्यावरून संभाव्यतेने काढलेली असते. पाच नळ्यांच्या पद्धतीत खरा आकडा साधारण एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत कुठेही असू शकतो. 480 आलं म्हणून 500 च्या आत, असं म्हणणं म्हणजे उंबऱ्यावर उभं राहून घरात असल्याचं सांगणं.

दुसरा पर्याय, सगळं रद्द करून घाटावर ‘पोहण्यास मनाई’ची पाटी लावायची. सुरक्षित होता. पण शिबिर नसलं तरी पोरं पोहणारच, फक्त लक्ष ठेवायला कुणी नसणार. उन्हाळ्यात नदीकाठच्या गावात बुडून मरणारी मुलं ही जंतूंइतकीच खरी भीती आहे, आणि पाणी तपासणारे तिचा विचार करत नाहीत.

तिसरा पर्याय बरगे काढायचा. तुंबलेलं पाणी सोडून द्या, डोह मोकळा होईल, असं आरोग्य निरीक्षक म्हणाले. शेतकरी उसळले. ऐन उन्हाळा, ऊस वाळतोय, धरणातून पाणी सोडण्याचं पुढचं आवर्तन कधी ते कुणी सांगत नाही. त्यांचं चुकत नव्हतं. आणखी एक धोका होता: सगळे बरगे एकदम काढले तर तळाचं, प्राणवायू नसलेलं काळं पाणी आधी बाहेर पडणार, आणि खालच्या गावाची जॅकवेल (नदीतून पिण्याचं पाणी उचलणारी विहीर) सहा किलोमीटरवर. आमचे मासे वाचवताना त्यांचे मासे आणि त्यांचं पिण्याचं पाणी पणाला लावायचं का? धरणातून जादा पाणी मागायचं तर त्या निर्णयाची जागा तालुक्यात नव्हती. पत्र मात्र पाठवलं.

चौथा पर्याय औषधाचा. कुणीतरी नदी स्वच्छ करणाऱ्या द्रावणाचं पत्रक आणलं होतं. कुणी म्हणालं चुना टाका, कुणी तुरटी. चुन्याला आम्ही ठाम विरोध केला. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि मुक्त रूप माशाला विषारी. 30 अंशाला सामू 7 असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग मुक्त असतो. सामू 8 ला 7-8 टक्के. 9 ला 45 टक्क्यांच्या आसपास. सामू आधीच 9 ला टेकलेला असताना चुना टाकणं म्हणजे डोहाला विष घालणं. जाता जाता: ‘डी’ वर्गाची मुक्त अमोनियाची 1.2 मिलिग्रॅमची मर्यादा मला कायम सैल वाटत आली आहे. युरोपातल्या मत्स्यतज्ज्ञांनी गोड्या पाण्यातल्या माशांसाठी 0.025 मिलिग्रॅम सुचवलं होतं. आपल्या मर्यादेच्या आत राहूनही मासा मरू शकतो.

बैठक चहावर संपली. दोन दिवसांनी पुन्हा बसू, असं ठरलं.

मधेच आलेला वळीव

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजता आभाळ भरून आलं आणि अर्धा-पाऊण तास वळीव कोसळला. गावात सगळे खूश. तात्या तेवढे घाटावर जाऊन बसले.

चार महिने नाल्यात साचलेला गाळ, कचरा, कुजकं पाणी एका तासात डोहात आलं. गार पाण्याने वरचे-खालचे थर ढवळले गेले आणि तळाचं निर्वायू पाणी वर आलं. वर आभाळ झाकलेलं, म्हणजे शेवाळाकडून मिळणारी संध्याकाळची शेवटची भरही नाही. पहाटे चारला तात्यांच्या नातवाचा फोन आला.

उजाडेपर्यंत घाटाच्या कडेला मेलेल्या माशांचा पांढरा पट्टा लागला होता. लोक ‘कुणीतरी विष टाकलं’, ‘कारखान्याची मळी सोडली’ असं बोलू लागले, मोबाइलवर चित्रफिती फिरू लागल्या. कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात ही शंका उगाच येत नाही, पण शंका आणि निदान वेगळं. आम्ही मेलेले मासे बघत काठाने चाललो. मोठे कटला, रोहू आधी आणि जास्त मेलेले. बोटाएवढी पिल्लं कडेच्या उथळ पाण्यात अजून तग धरून. मरळ जिवंत, कारण ती हवेतला प्राणवायू घेऊ शकते. चिलापी बरीचशी वाचलेली. पाणकिडे फिरत होते. विष असतं तर असा भेदभाव सहसा दिसत नाही. लहान-मोठे सगळे जातात, किडेसुद्धा. मरणं पहाटेच्या आत सुरू झालेलं. वरच्या, दोन्ही नाल्यांच्या आधीच्या पाण्यात एकही मासा मेलेला नव्हता. साका पांढरा.

सरकारी पथक दुपारी आलं. त्यांनी रीतसर नमुने घेतले. तोवर ऊन तापलं होतं आणि उरलंसुरलं शेवाळ कामाला लागलं होतं. त्यांच्या नमुन्यातला प्राणवायू ‘डी’ वर्गाच्या आत भरला. खोटं कुणीच बोललं नव्हतं.

काय केलं

त्या सकाळी आमच्या हाताशी बैठक नव्हती, फक्त निर्णय होते.

आधी मेलेले मासे काढले. कुजले तर तेच पुन्हा प्राणवायू खाणार. तात्यांच्या माणसांनी दोन होड्यांनी ओढले, नगरपरिषदेच्या ट्रॅक्टरने काठापासून लांब खड्ड्यात पुरले. चुना इथे कामाला आला. दोघंजण पाट्या भरून बाजाराकडे निघाले होते. आरोग्य निरीक्षकांनी परतवलं. तात्यांचं त्या वर्षीचं उन्हाळ्याचं उत्पन्न त्या खड्ड्यात गेलं, आणि भरपाईचा अर्ज कुठल्या रकान्यात बसत नाही म्हणून तसाच राहिला.

बरग्यांचा प्रश्न शाखा अभियंत्यांनी सोडवला, आणि त्याचं श्रेय पूर्ण त्यांचं. ते म्हणाले, सगळे नकोत, वरच्या दोन ओळी काढू. पृष्ठभागाचं पाणी बंधाऱ्यावरून खाली पडेल, पडताना हवा घेईल, तळाचं काळं पाणी जागेवर राहील. शेतकऱ्यांच्या पंपांची फुटव्हॉल्व्ह उघडी पडणार नाहीत एवढीच पातळी उतरली. खालच्या गावाच्या पाणीपुरवठ्याला आधी फोन केला, त्यांनी एक दिवस जॅकवेल बंद ठेवली. प्रवाह मिळाल्यावर चौथ्या पहाटे साका बदामी झाला. निकष गाठला म्हणण्याइतका नाही, पण पांढरा नव्हता.

शिबिराचं काय, हे त्याच संध्याकाळी देवळाच्या ओसरीवर ठरलं. आम्ही अभिप्राय लेखी मागे घेतला. प्राचार्यांना हे आवडलं नाही. ‘महाविद्यालयाची पत’ वगैरे झालं. अण्णा मात्र शांत होते. सकाळी ते मासे बघून आले होते. ‘जागा बदलू,’ एवढंच म्हणाले.

तीन किलोमीटर वर, दोन्ही नाल्यांच्या आधी, बंधाऱ्याच्या फुगवट्याबाहेर एक छोटा डोह आहे. कमरेएवढं पाणी, वरून खडकाळ उतारावरून खळखळत येणारं. या वेळी आम्ही पहाटे सहाचे नमुने घेतले, मुलं उतरवून गाळ उठल्यावरचेही. आणि दगड उलटले. विद्यार्थ्यांनी जाळीने किडे गोळा केले: दगडांच्या पोटाला मेफ्लायच्या अळ्या, खड्यांची घरटी करणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या. या दोघींना सतत प्राणवायू लागतो. एक रात्र जरी पाणी गुदमरलं तरी त्या राहत नाहीत. घाटापाशी हाच प्रयोग केला तर गाळात तांबड्या अळ्या आणि ट्युबिफेक्स कृमींचे लालसर झुपके, म्हणजे कमी प्राणवायूतही तगणारे जीव, बाकी काही नाही. अर्ध्या तासाचं काम. आमच्या दोन महिन्यांच्या बाटल्यांनी जे सांगितलं नाही ते त्या चाळणीत पडलेलं होतं.

शिबिर वरच्या डोहात झालं, साठऐवजी पस्तीस मुलांचं, कारण जागा तेवढीच. अट घातली: पाऊस झाला की पुढचे तीन दिवस पाण्यात उतरायचं नाही.

निष्पन्न

ती अट पाळणं सगळ्यात अवघड गेलं. शिबिर पंधरा दिवस नीट चाललं. मग मॉन्सून आला, नदी तांबडी झाली, आणि पोरांसकट मोठ्यांनाही नवीन पाण्यात उडी मारायची होती. आपल्याकडे नवीन पाणी म्हणजे शुद्ध पाणी अशी समजूत घट्ट आहे. आम्ही त्या दिवशी वरचा डोह आणि घाट दोन्हीकडून नमुने घेतले. प्राणवायू दोन्हीकडे उत्तम, साका गडद. आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म दोन्हीकडे 2500 च्या कितीतरी पुढे. शेतं, उकिरडे, उघडी गटारं सगळं धुऊन आलेलं. लेप्टोस्पायरोसिसची भीती असते तीही याच दिवसांत.

त्याच सकाळी बंधाऱ्याखाली गर्दी होती. बरगे काढले होते आणि चढणीचे मासे उलट्या धारेवर उड्या घेत होते. माशांसाठी वर्षातला सगळ्यात चांगला दिवस तो माणसाच्या पोहण्यासाठी सगळ्यात वाईट. एप्रिलात दुपारी नेमकं उलटं: जंतू कमी, मासे मरणपंथाला. ‘नदी चांगली की वाईट’ या प्रश्नाचं उत्तर देणारा एकच वर्ग त्या दोन्ही दिवशी खोटा ठरला असता.

पॅरिसला 2024 च्या ऑलिंपिकमध्ये सेन नदीत पुरुषांची ट्रायथलॉन 30 जुलैवरून 31 जुलैला ढकलावी लागली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये चर्चा झाली. आधीच्या दिवसांतल्या पावसाने ई-कोलाय वाढले होते. अब्जावधी खर्चूनही पाऊस हिशेबात धरावाच लागतो, याचं अण्णांना बरं वाटलं.

घाटावर आता दोन पाट्या आहेत. एक पोहणाऱ्यांसाठी, तारखेसह, खडूने बदलता येणारी. दुसरी तात्यांच्या आग्रहाने लावलेली, तिच्यावर फक्त पहाटेचा प्राणवायू लिहितात. बंधाऱ्याच्या वरच्या दोन ओळी एप्रिलमध्ये रात्री मोकळ्या ठेवायच्या, असं शेतकऱ्यांशी तोंडी ठरलं आहे. तोंडीच आहे, अभियंत्यांची बदली झाली की काय होईल, सांगता येत नाही. पंपघर अजून अर्धवटच.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली फेरी बाटल्यांची नको होती, दगड उलटण्याची आणि तात्यांशी बोलण्याची हवी होती. बाटली त्या क्षणाचं सांगते, किडे मागच्या दोन-तीन महिन्यांचं, आणि जाळं टाकणारा माणूस चाळीस वर्षांचं. आम्ही उलट्या क्रमाने गेलो, कारण अहवालात बाटलीचा आकडा शोभतो.

नगरपरिषदेच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तो प्रश्न परत पाठवायला हवा होता. कुणासाठी, कुठल्या महिन्यात, किती वाजता, पावसाच्या आधी की नंतर? तेवढं विचारलं असतं तर वेळापत्रक आपोआप बदललं असतं: प्राणवायू आणि सामू पहाटे व दुपारी अशा जोडीने, जंतू शिबिराच्या वेळेला, एक फेरी पावसानंतर मुद्दाम.

8.4 या आकड्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. मर्यादेच्या आत असणं आणि ठीक असणं यांत फरक आहे, हे मी वर्गात शिकवतो. चढा सामू आणि भरीला भर म्हणून संपृक्ततेपेक्षा जास्त प्राणवायू, एवढ्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या असत्या तर मार्चमध्येच पहाटे गेलो असतो.

बरग्यांच्या वरच्या दोन ओळींची युक्ती मासे मरण्याआधी सुचली असती का? अभियंते म्हणतात, सुचली असती, पण कुणी ऐकलं नसतं. तात्या मान हलवतात. मला त्यावर वाद घालता येत नाही.

एक निर्णय मात्र मी आजही तसाच घेईन: अभिप्राय मागे घेण्याचा. त्यानंतर वर्षभर नगरपरिषदेने आम्हाला दुसरं काम दिलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत पत्र आलं, त्यात ‘पहाटेचे व पावसानंतरचे नमुने घेऊन’ असे शब्द होते. प्राणवायू मोजायचं यंत्र आता नगरपरिषदेने घेतलं आहे. त्याच्या संवेदकावरचा पातळ पडदा दोनदा फाटला, म्हणून विंकलरच्या बाटल्या आम्ही काढून टाकलेल्या नाहीत. एप्रिल लागला की तात्यांच्या नातवाचा फोन पहाटे कधीही येतो. ‘सर, आज वर आल्यात.’ मी शाखा अभियंत्यांना उठवतो आणि बाटली घेऊन निघतो.